प्रश्न तुमचे : ‘ताई, तुम्ही नेमक्या कोणाच्या?’

मनोरुग्णाच्या घरी जाऊन त्याच्या उपचारांचा पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी गेल्या काही महिन्यांत पत्रे साठत गेली, म्हणून या वेळचे सदर संपूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे सगळी आपल्या बडोद्यातली आहेत. शहर कितीही पसरले तरी इथली मराठी घरे अजून एकमेकांना ओळखतात, त्यामुळे नावे गाळली आहेत आणि ओळख पटेल असा तपशीलही काढून टाकला आहे.

प्रश्न : मी दांडिया बाजारात राहते. यंदा समाजकार्यातली एमएसडब्ल्यू ही पदवी घेतली आणि शहरातल्या एका संस्थेत ‘केस मॅनेजर’ म्हणून नेमणूक मिळत आहे. पस्तीस रुग्णांची जबाबदारी असेल, असे मुलाखतीत सांगितले. बाबांचे म्हणणे असे, की वेड्यांच्या घरी एकटीने जाण्याचे हे काम नको. आजीला काळजी आहे ती स्थळे येतील तेव्हा हे सांगायचे कसे याची. माझी अडचण वेगळीच आहे. औषध डॉक्टर देतात, समुपदेशन मानसशास्त्रज्ञ करतात. मग आम्ही दिवसभर करायचे तरी काय?

उत्तर : तुमच्या अडचणीपासूनच सुरुवात करते, कारण नेमणुकीच्या पत्रात तिचे उत्तर कधीच लिहिलेले नसते. रुग्ण डॉक्टरांच्या पुढ्यात महिन्यातून एकदा आणि तोही फार तर दहा मिनिटे बसतो. उरलेले एकोणतीस दिवस तो घरात, गच्चीवर, पानाच्या गल्ल्यापाशी नाहीतर अंथरुणात काढतो, आणि आजार उलटायचा असेल तर तो याच एकोणतीस दिवसांत उलटतो. ते दिवस तुमचे.

नमुना म्हणून एखाद्या साध्या मंगळवारचे सांगते. सकाळी रजिस्टर उघडले की काल ओपीडीत कोण आले नाही हे आधी पाहायचे. वाघोडिया रोडच्या एका गृहस्थांचे महिन्याचे डेपो इंजेक्शन (एकदा टोचले की महिनाभर पुरणारे औषध) चुकलेले असते. फोन लावावा तर तो भावाकडे, आणि भाऊ मकरपुऱ्याच्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेला. मग घरी जायचे. तिथे कळते की इंजेक्शनला नकार वगैरे काही नव्हता. ज्या स्कूटरवर बसून ते येत ती विकली गेली आणि दोन रिक्षा बदलून यायचे पैसे मागायला त्यांना संकोच वाटला. यावर औषध नाही. यावर उपाय म्हणजे जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या परिचारिकेशी बोलून इंजेक्शनची तिथे सोय होते का ते पाहणे, आणि झालीच तर पहिल्या खेपेला त्यांच्याबरोबर जाऊन ती बाई कोण, खोली कोणती हे दाखवून देणे. दुपार अशीच जाते. संध्याकाळी दुसऱ्या घरी अपंगत्वाच्या दाखल्याची कागदपत्रे पाहायची असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व ठरले तर सवलतींचा मार्ग उघडतो, हे घरच्यांना ठाऊक नसते. ठाऊक झाले तरी आधारकार्डावर आडनाव एका तऱ्हेने आणि केसपेपरवर दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. गुजरातेत राहणाऱ्या मराठी माणसाच्या आडनावाचे इंग्रजी आणि गुजराती स्पेलिंग किती प्रकारे होऊ शकते याचा कोणी अभ्यास केला तर तो आम्हा समाजकार्यकर्त्यांनीच करावा. एका अक्षरापायी मी एका माणसाबरोबर तीन कचेऱ्यांत मिळून सात खेपा घातल्या आहेत, आणि सातव्या खेपेला तो प्रथमच माझ्याशी आपल्या कानात येणाऱ्या आवाजांविषयी बोलला, तेही रांगेत उभे असताना. समुपदेशनाच्या खोलीत तो दोन वर्षे गप्प बसत असे.

दुसरा मोठा भाग म्हणजे पुढचे पाहणे. बडोद्यात हे काम करणाऱ्याने पंचांग जवळ बाळगावे असे मी गंमतीने म्हणते, पण ती निव्वळ गंमत नाही. बायपोलर आजारात, म्हणजे मन कधी उन्मादात तर कधी खोल उदासीत जाते त्या आजारात, सलग काही रात्री झोप मोडली तर उन्मादाचा झटका येऊ शकतो, आणि आपल्या शहरात नवरात्राच्या नऊ रात्री कोण झोपते? म्हणून ज्यांना हा आजार आहे त्यांच्याशी गणपती उठले की लगेच बोलणे सुरू करायचे : गरबा खेळायचा की नाही हा वाद घालायचाच नाही, कारण तो तुम्ही हराल, किती वाजता परतायचे, बरोबर कोण असेल, रात्रीची गोळी कधी घ्यायची आणि लागोपाठ दोन रात्री झोप आली नाही तर कोणाला फोन करायचा, एवढे ठरवायचे. ते त्याच्या हाताने कागदावर लिहून घ्यायचे. याच आजारावरचे लिथियम हे औषध घेणाऱ्या बायकांच्या बाबतीत हरतालिकेचा निर्जळी उपवास हा दरवर्षीचा प्रश्न असतो. लिथियमची रक्तातली योग्य पातळी आणि अपायकारक पातळी यांत अंतर फार थोडे असते, शरीरातले पाणी कमी झाले की पातळी चढते, आणि हात जोराने थरथरू लागले, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल जाऊ लागला तर तो उपवासाचा थकवा समजून झोपवून ठेवण्यासारखा प्रकार नसतो. तातडीने रुग्णालय गाठावे लागते. हेच एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हाचे. ‘पाणी पिऊन केलेला उपवास देवीला चालतो का?’ असे मला एका बाईंनी विचारले तेव्हा मी त्यांच्या सासूबाईंनाच विचारायला सांगितले, आणि सासूबाईंनी चालतो असा निर्वाळा दिला. डॉक्टरांच्या सांगण्याने जे झाले नसते ते त्या एका वाक्याने झाले. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचे पाणी शहरात शिरले, त्या वेळी काम करणाऱ्यांची पहिली यादी कोणाकडे किती दिवसांच्या गोळ्या उरल्या आहेत याचीच होती. स्किझोफ्रेनियावरचे क्लोझापिनसारखे औषध दोन दिवसांहून अधिक चुकले तर पुन्हा अगदी कमी मात्रेपासून सुरू करावे लागते, आणि पूर काही डॉक्टरांची तारीख पाहून ओसरत नाही.

या कामाचा जन्म कसा झाला तेही सांगते, कारण त्यावरून तुमच्या पस्तीसच्या आकड्याचा अर्थ कळेल. अमेरिकेत १९६३ साली सामुदायिक मानसिक आरोग्याचा कायदा झाला आणि मोठमोठ्या मनोरुग्णालयांतून माणसे बाहेर येऊ लागली. ती बाहेर आली खरी, पण घर एका खात्याकडे, औषध दुसऱ्याकडे, भत्ता तिसऱ्याकडे, आणि या सगळ्यांची मोट बांधणारे कोणीच नाही, अशी अवस्था झाली; त्या पोकळीत केस मॅनेजर उभा राहिला. १९७० च्या दशकात विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसन शहरी लेनर्ड स्टाइन, मेरी ॲन टेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचे सर्वांत नेटके रूप घडवले. त्यात सगळे पथक रुग्णाच्या दारी जाई, आणि पुढे त्या पद्धतीत एका कार्यकर्त्यामागे साधारण दहाच रुग्ण हे प्रमाण रूढ झाले. आपल्याकडे राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा आणि जिल्हा कार्यक्रम १९९६ पासूनचा. रुग्णालये ओस पडली म्हणून आपल्याकडे हे काम सुरू झालेले नाही, कारण आपली माणसे मुळात रुग्णालयापर्यंत पोहोचलेलीच नव्हती. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत जे सर्वेक्षण केले, त्यात गुजरातही होते आणि मध्य प्रदेशही. निरनिराळ्या मानसिक आजारांत उपचारांपासून दूर राहिलेल्यांचे प्रमाण ७० ते ९२ टक्के निघाले. तेव्हा पस्तीस हा आकडा ऐकून दचकू नका, पण हुरळूनही जाऊ नका. नेमणूक स्वीकारण्यापूर्वी संस्थेला विचारा, की या पस्तिसांपैकी तीव्र आजाराचे किती आहेत, तुमच्या अडचणी आठवड्याला कोण ऐकून घेणार आहे, आणि रिक्षाभाडे कोण देणार आहे. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर देताना समोरचा माणूस घुटमळला तर पहिल्या दोन उत्तरांवरही फार विसंबू नये, असा माझा अनुभव आहे.

बाबांच्या धास्तीविषयी. मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणावर हात उगारत नाहीत. त्यांच्यावरच हात उगारला जाण्याची शक्यता अधिक असते. तरीही नियम पाळावेत. पहिल्या भेटीला दोघींनी जावे, कुठे आणि किती वाजेपर्यंत हे कचेरीत लिहून ठेवावे, दाराच्या बाजूला बसावे, घरात कोणी पिऊन आलेले असेल (दारूबंदीच्या राज्यातही हा प्रसंग येतो) तर चहा न घेता निघावे. माझ्या एवढ्या वर्षांत मला एकाही रुग्णाने इजा केली नाही. कुत्रा मात्र दोनदा चावला.

आजींना सांगा, की स्थळ पाहायला आलेल्यांच्या घरातही असा एखादा काका किंवा मामा निघतोच, आणि तुमचे काम कळले की तेच तुम्हाला हळूच बाजूला घेऊन त्याच्याविषयी विचारतील.

प्रश्न : माझा मुलगा एकोणतीस वर्षांचा आहे आणि चार वर्षांपासून त्याच्यावर स्किझोफ्रेनियाचे उपचार चालू आहेत. एका संस्थेची कार्यकर्ती पंधरवड्याला घरी येते. ती त्याला गच्चीवर नेऊन तासभर बोलते, पण खाली आल्यावर काय बोलणे झाले ते आम्हाला सांगत नाही. खायला आम्ही घालायचे, रात्री आम्ही जागायचे आणि आम्हालाच काही कळू द्यायचे नाही, हा कुठला न्याय? दुसरे असे, की तो गोळ्या घेत नाही म्हणून मी दोन वर्षे त्याच्या चहात गोळी विरघळवून देते. हे तिला सांगितले तर तिचे तोंडच उतरले. आम्ही काय त्याच्या वाईटावर आहोत? (प्रतापनगर)

उत्तर : तुम्ही त्याच्या वाईटावर नाही, हे त्या मुलीलाही कळते, म्हणूनच तिचे तोंड उतरले असावे. हा प्रसंग माझ्यावरही आलेला आहे आणि त्यात मी चुकले होते, ते आधी सांगते.

नोकरीच्या सहाव्या वर्षी माझ्याकडे पस्तिशीतला एक रुग्ण होता. घरचे त्याची गोळी कुटून ताकात घालत. मला ते पहिल्या महिन्यातच कळले आणि मी गप्प राहिले, कारण त्याची तब्येत सुधारत होती, त्याची आई मला प्रत्येक खेपेला पोहे केल्याशिवाय सोडत नसे, आणि खरे सांगायचे तर माझ्या अहवालात त्याचे नाव ‘नियमित औषध’ या रकान्यात छान दिसत होते. एके दिवशी ताक पिऊन झाल्यावर त्याला स्टीलच्या पेल्याच्या तळाशी पांढरी भुकटी दिसली. पुढच्या भेटीला तो पेला त्याने जपून ठेवला होता. तो माझ्यापुढे धरून त्याने विचारले, ‘ताई, तुम्ही नेमक्या कोणाच्या? त्यांच्या की माझ्या?’ मी म्हणाले, ‘सगळ्यांची.’ त्याने दार लावून घेतले. त्यानंतर आठ महिने तो माझ्याशी बोलला नाही आणि घरचे शिजवलेले अन्न त्याने जवळजवळ सोडलेच. बंद पुड्यातली बिस्किटे, स्वतः फोडलेले नारळ आणि साल न काढलेली केळी एवढेच तो खाई. ज्या माणसाचा आजारच असा, की कोणीतरी आपल्या अन्नात काही मिसळते आहे असे त्याला वाटते, त्याच्या अन्नात आम्ही खरोखरच मिसळत होतो. त्याचा संशय आम्ही खरा करून दाखवला.

त्या आठ महिन्यांत मी दर दुसऱ्या मंगळवारी त्यांच्या ओट्यावर दहा मिनिटे बसून, आतल्या आईकडे न जाता, निघून येत असे. पुढे एकदा तो बाहेर आला तो माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन. आणि तो तांब्या त्याने आधी स्वतः तोंडाला लावून दाखवला. त्या दिवशी आमचे ठरले, की त्याच्याविषयी मी जे काही कोणाशीही बोलेन ते त्याच्यासमोर बोलेन, आणि जीवावरचा प्रसंग असेल तर त्याला सांगून हा नियम मोडेन.

तुमच्याकडे येणाऱ्या मुलीला हे माझ्यासारखे ठेच लागून शिकावे लागलेले नाही, कारण आता कायदाच तसा आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मे २०१८ पासून लागू झाला आणि त्यात रुग्णाच्या गोपनीयतेला हक्काचे रूप आले. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जीवाला धोका, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद सोडले तर त्याची माहिती त्याच्या संमतीवाचून देता येत नाही. पण त्याच कायद्यात तुमच्यासाठीही वाट ठेवलेली आहे. कोणीही सज्ञान माणूस साध्या कागदावर सही करून आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ नेमू शकतो, आणि त्या प्रतिनिधीला मदत करण्यापुरती निदान व उपचारांची माहिती मिळण्याचा अधिकार असतो. मुलगा बरा असताना, जेवणे झाल्यावर, वाद न होता हा विषय काढा. त्याने तुमचे नाव न लिहिता मोठ्या बहिणीचे किंवा मित्राचे लिहिले तर मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला कळावे ते तिच्यामार्फत कळेल.

गच्चीवर ते काय बोलतात हे मला माहीत नाही आणि माहीत असते तरी सांगितले नसते. मात्र एवढ्या वर्षांत तिशीच्या मुलांनी गोळी का टाकून दिली याची कारणे मी ऐकत आले आहे. वजन वाढते, सकाळी डोळे उघडत नाहीत, हातपाय ताठरतात, एका जागी बसवत नाही, आणि काही औषधांनी शरीरसंबंधाच्या बाबतीत असे त्रास होतात की तरुण मुलगा ते आईसमोर कधीही उच्चारणार नाही. यातल्या बहुतेक गोष्टींवर डॉक्टरांकडे उपाय असतो. औषध बदलता येते, मात्रा कमी करता येते, महिन्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनचा विचार करता येतो. पण त्यासाठी त्याने कोणाजवळ तरी तक्रार बोलून दाखवली पाहिजे. गच्ची त्यासाठी आहे.

चहाचे आता काय करायचे? उद्यापासून गोळी एकदम बंद करू नका. औषध अचानक तुटले की आजार उलटण्याची भीती असते. आधी तुम्ही एकट्या डॉक्टरांकडे जा आणि दोन वर्षे काय चालले आहे ते न लपवता सांगा. डॉक्टर त्याच्या न घेतलेल्या गोळ्यांचा हिशेब धरून मात्रा वाढवत असतील, तर हे त्यांना कळणे अधिकच गरजेचे आहे. शिवाय काही गोळ्या चुरायच्या किंवा विरघळवायच्याच नसतात. पुढे त्याला हे कोणी, केव्हा आणि कसे सांगायचे ते डॉक्टर, कार्यकर्ती आणि तुम्ही मिळून ठरवा. त्याला पेल्याच्या तळाशी सापडण्याआधी ते झालेले बरे.

आणखी एक. तुमच्या पत्रात ‘खायला आम्ही घालायचे’ असे वाक्य आहे. थकलेल्या माणसाच्या तोंडी ते येणारच, पण ते त्याच्या कानावर रोज पडत असेल तर विचार करावा. लंडनमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज ब्राउन या समाजशास्त्रज्ञाने रुग्णालयातून सुटलेल्यांचा मागोवा घेतला, तेव्हा आईवडिलांच्या किंवा बायकोच्या घरी परतलेल्यांचे आजार परक्या ठिकाणी भाड्याच्या खोलीत राहायला गेलेल्यांपेक्षा अधिक उलटलेले आढळले. पुढच्या अभ्यासांतून यामागे सततची टोचणी आणि अति काळजी असल्याचे दिसून आले. घर वाईट असते असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. तुम्हाला आठवड्यातून एक दुपार स्वतःसाठी मिळाली पाहिजे, असा मी काढते. कार्यकर्ती गच्चीवर असते तो तास तुम्ही खाली कान देऊन बसण्याऐवजी खंडेराव मार्केटला भाजी आणायला गेलात, तरी पुष्कळ झाले.

प्रश्न : आमच्या शेजारच्या घरी एका माणसाला मागच्या खोलीत कोंडून ठेवतात, रात्री साखळीचा आवाज येतो. घरचे लोक एरवी सज्जन आहेत. ते त्याला दर्ग्यावर आणि भुव्याकडेही (मांत्रिकाकडे) नेऊन आले. आम्ही मध्ये पडावे का? (कारेलीबाग)

उत्तर : पडावे. मानसिक आजार असलेल्या माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास २०१७ च्या कायद्याची मनाई आहे. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली तेव्हा साखळदंडांनी बांधलेली अठ्ठावीस माणसे पळता न आल्याने गेली. साखळीचा आवाज ऐकून मला दरवेळी तेच आठवते.

तरी आधी पोलिसांना फोन करू नका. आधी काहीतरी गोडाधोडाचे घेऊन दार वाजवा. सज्जन माणसे साखळी लावतात ती बहुधा दोनतीन रात्री जागल्यावर आणि तो एकदा हरवून सापडल्यावर. दर्ग्यावरून किंवा देवळावरूनही त्यांच्याशी भांडू नका. आपल्याच राज्यात मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यावर दवा आणि दुआ एकत्र देण्याचा उपक्रम चालत आला आहे. नवस फेडता फेडता गोळीही घेता येते. १४४१६ हा टेली-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा क्रमांक त्यांना द्या. ऑक्टोबर २०२२ पासून ही सेवा चालू आहे, चोवीस तास मिळते आणि तिला पैसे पडत नाहीत. सरकारचे मानसिक आरोग्य रुग्णालय तर तुमच्या कारेलीबागेतच आहे. एवढे करूनही साखळी सुटली नाही, मारहाण होत असली किंवा अन्नपाण्याचे हाल होत असले, तर मात्र पोलीस ठाण्यात कळवा. अशा माणसाची बाब दंडाधिकाऱ्यांपुढे नेणे हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे. त्याला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकीलही मिळू शकतो.

प्रश्न : मी तीन वर्षे या क्षेत्रात आहे. माझ्याकडचा एक रुग्ण दीड वर्ष उत्तम होता. मी जीव तोडून काम केले आणि गेल्या महिन्यात तो पुन्हा रुग्णालयात दाखल झाला. घरचे म्हणतात, ‘बेन, तुम्ही येऊन काय उपयोग झाला?’ मलाही तेच वाटते. रात्री फोन वाजला की छातीत धस्स होते. हे काम सोडावे का? (गोरवा)

उत्तर : सोडायचे की नाही हे मी सांगणार नाही, पण ज्या मोजपट्टीने तुम्ही स्वतःला मोजता आहात ती चुकीची आहे. हे आजार मधुमेहासारखे दीर्घकाळ सांभाळायचे असतात आणि नीट सांभाळूनही ते कधीकधी उसळतात. आपल्या कामाने नेमका किती फरक पडतो याची भारतात पद्धतशीर तपासणी झालेली आहे. सातारा, गोवा आणि तामिळनाडू या ठिकाणी २८२ रुग्णांवर झालेला हा अभ्यास ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१४ साली प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचे दवाखान्यातले उपचार मिळाले. दुसऱ्याला त्याबरोबर घरी येणारे, प्रशिक्षण दिलेले स्थानिक कार्यकर्तेही. वर्षाअखेर दुसऱ्या गटात लक्षणे आणि अपंगत्व अधिक कमी झाले, पण हा फरक माफकच होता. तो आहे आणि माफक आहे, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात ठेवता आल्या तर या कामात टिकता येते.

तुमच्या पत्राच्या पाठपोट मजकुरात एक ओळ होती, ती छापताना गाळली असली तरी माझ्या लक्षात राहिली. चार वर्षांपूर्वी याच माणसाला पोलिसांच्या गाडीतून नेले होते. या वेळी तो स्वतः पिशवी भरून, तुम्हाला फोन करून दाखल झाला. आपल्याला झोप येईनाशी झाली आहे आणि आवाज परत येऊ लागले आहेत हे त्याने ओळखले. ही ओळख त्याला दीड वर्षात कोणी करून दिली, ते घरच्यांना नाही तरी तुम्हाला कळायला हवे.

रात्रीच्या फोनचे मात्र ताबडतोब काहीतरी करा. मी नवखी असताना चोवीस तास फोन घेई आणि त्याचा मला अभिमानही वाटे. त्यामुळे झाले एवढेच, की माझ्या माणसांना मी सोडून दुसरे दारच माहीत झाले नाही, आणि मी टायफॉइडने तीन आठवडे पडले तेव्हा त्यांतले दोघे औषधावाचून राहिले. रात्री आठनंतर कोणाला फोन करायचा हे प्रत्येक घरी मोठ्या अक्षरांत लिहून, शक्यतो देवघराशेजारी किंवा फ्रिजवर, चिकटवून या. त्यात १४४१६ असू द्या, जवळच्या रुग्णालयाचा क्रमांक असू द्या आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका धीराच्या माणसाचाही. संस्थेत तुमचे कोणी ऐकून घेत नसेल, तर याच कामातल्या दोघीतिघींनी मिळून पंधरवड्याला सुरसागरच्या काठी बसायचे ठरवा. पण तिथेही रुग्णांची नावे न घेता बोला.

आणि आता या माणसाचे. रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत नाजूक असतात. नव्या गोळ्या, बदललेली मात्रा, घरच्यांची नाराजी आणि त्याला स्वतःला वाटणारी शरम, सगळे एकदम अंगावर येते, आणि आत्महत्येचा धोकाही याच काळात अधिक असतो. तुम्ही खचून घरी बसलात तर तो नेमका तेव्हाच एकटा पडेल. त्याच्या डिस्चार्जची तारीख उद्या वॉर्डात विचारून घ्या, आणि तो घरी पोहोचेल त्याच आठवड्यातला एक दिवस रजिस्टरमध्ये त्याच्या नावाने आजच लिहून ठेवा.